पॉवर माझी, हात सासूबाईंचे

मी बोलतेय. हो, मीच, बेकरीच्या फाटकाशी उभी असलेली छोटी लाल गाडी. अंगाने बुटकी असले तरी इंजिन माझं भलतंच तापट. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा लोक म्हणायचे, "दिसते एवढीशी, पण सुटली की सुटली!" तेव्हापासून माझं नाक जरा वरच असतं.

मला घेतलं एका फर्निचरवाल्याने. त्यांचं घर सासुरवाडीला लागूनच, म्हणून सारी गल्ली त्यांना जावईबापू म्हणायची. माणूस लाखात एक, पण स्टिअरिंग हातात आलं की अंगात वारं शिरायचं. वळणावर आधी जोरात घुसायचं, मग घाबरून ब्रेक दाबायचा, मग स्टिअरिंगशी झटापट. माझे टायर किंचाळायचे आणि मागून एखादी खटारा गाडी आम्हाला ओलांडून जायची. मग हे मेकॅनिकला सांगायचे, "हिच्यात दमच नाही. पॉवर वाढवा." त्याने ती वाढवलीही. दुखणं यांच्या पायात आणि औषध माझ्या पोटात!

बेकरी सासूबाईंची. एका सकाळी त्यांची केक पोचवायची गाडी सुरूच होईना. टेकडीवरच्या हॉलमध्ये लग्नाचा तीन मजली केक न्यायचा होता. नवरी म्हणजे त्यांच्या वारलेल्या मैत्रिणीची मुलगी. "तिचा केक मीच करीन," असा शब्द त्यांनी मैत्रिणीला दिला होता.

"आई, काळजीच सोडा," जावईबापू म्हणाले. "हिची पॉवर बघाच तुम्ही."

सासूबाई केक मांडीवर घेऊन शेजारी बसल्या. पहिल्याच वळणावर वरचा मजला कलंडला आणि साखरेची फुलं माझ्या काचेला चिकटली.

"थांबवा गाडी."

"आई, रस्ताच असा आहे..."

"रस्त्याला कशाला बोल लावताय? उतरा. इकडे बसून हा धरा."

सासूबाईंनी सीट पुढे ओढली आणि आम्ही निघालो. वळण यायच्या आधीच अलगद ब्रेक, स्टिअरिंगला एकच वळसा, वळण सुटता सुटता ॲक्सिलरेटर. अहाहा! एरवी किंचाळण्यात वाया जाणारी माझी ताकद त्या दिवशी थेट चाकांत उतरली.

"आई, फार सावकाश चाललोय. उशीर होईल."

"निघालो तेव्हा आपल्यामागे गाड्या होत्या ना? त्या कुठे आहेत बघा जरा."

जावईबापूंनी मान वळवली. मागचा रस्ता रिकामा होता, गाड्या केव्हाच मागे पडल्या होत्या.

हॉलवर सासूबाईंनी सुरीने क्रीम सारखं केलं, कलंडलेला मजला सरळ बसवला. नवरी केक बघून त्यांच्या गळ्यात पडली. जावईबापू मिशीला क्रीम लागलेल्या अवस्थेत माझ्यापाशी उभे होते. सासूबाई परत येताच म्हणाले, "आई, मला शिकवाल?"

"शिकवीन. आधी हिची पॉवर होती तेवढी करून आणा."

आता रोज सकाळी जावईबापू चालवतात, सासूबाई शेजारी बसून शिकवतात आणि मी बेकरीसाठी अंड्यांचे ट्रे वाहते. माझ्यासारख्या तापट इंजिनाची ही गत! सुरुवातीला वळणागणिक मागच्या सीटवर ऑम्लेट व्हायचं. हल्ली होत नाही. म्हणून सांगते, बाबांनो, गाडीची पॉवर वाढवण्याआधी जरा स्वतःच्या हातापायांकडे बघा.

परवा टेकडी उतरताना एक अवघड वळण इतकं अलगद सरलं की मलाही कळलं नाही. शेजारच्या सीटवर बघते तर सासूबाईंना चक्क डुलकी लागलेली. जावईबापूंनी घराशी येऊन माझं इंजिन बंद केलं. सासूबाईंना उठवलं मात्र नाही. दार न वाजवता, छाती फुगवून, कितीतरी वेळ ते तसेच बसून राहिले.