तळाशी न बसलेली चांदी

मी चांदीचा कण बोलतोय. डोळे ताणू नका, दिसणार नाही. तुमच्या एका केसाच्या जाडीत माझ्यासारखे हजारो सहज मावतील.

माझा जन्म २००७ सालचा, जयपूरच्या एका कॉलेजातला. संशोधन करणाऱ्या अनुया देवस्थळीने चांदीच्या क्षाराचं पाणी उकळलं, त्यात सायट्रेटचे, म्हणजे लिंबाच्या आम्लापासून होणाऱ्या क्षाराचे, थेंब सोडले आणि आम्ही कोट्यवधी भावंडं एकदम अवतरलो. चांदी असून रंग मात्र मधासारखा पिवळा!

एकमेकांपासून चार हात लांब राहायची आमची रीत. सगळ्यांच्या अंगावर सारखाच विद्युतभार, मग जवळ कोण येणार? पण अनुयाने काही भावंडांना बोअरवेलच्या जड पाण्यात टाकलं आणि तिथल्या क्षारांनी त्यांना एकमेकांच्या गळ्यात घातलं. तासाभरात करडा गाळ होऊन सगळी तळाशी!

तिच्या मार्गदर्शक वीणा मॅडम खूश झाल्या. "म्हणजे चांदी पाण्यात गेली तरी खाली बसते. पाण्यातल्या जिवांना धोका नाही. विज्ञान परिषदेच्या सारांशात तसंच कळव."

अनुयाने कळवलं. मग सहज म्हणून तिने मला आणि उरलेल्या भावंडांना कॉलेजच्या तळ्यातून बाटलीत भरून आणलेल्या पाण्यात सोडलं. कडुनिंबाची पानं कुजून ते चहासारखं झालेलं. पानांचा तो अर्क माझ्या अंगाला असा लपेटला, जणू जयपुरी रजईच! क्षारांनी ढकलून पाहिलं, पण रजया पांघरलेल्यांची गळाभेट कशी होणार? आठ दिवस झाले, आम्ही आपले तरंगतोय.

"बाटली नीट धुतली नसशील," मॅडम म्हणाल्या.

अनुयाने तीनदा प्रयोग केला. तीनदा तेच. परिषद चार दिवसांवर आली होती.

"मॅडम, मतलब... आपण पाठवलंय ते चूक आहे."

"तळं कुठल्या पाण्याने भरतात?"

"आपल्याच बोअरवेलच्या. फरक फक्त पानांचा."

मॅडमनी चपला काढल्या, साडी खोचली आणि त्या स्वतः तळ्यात उतरल्या. पाणी स्वतः भरलं, प्रयोगही स्वतः मांडला. दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी काही नव्हतं.

"सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं तोंडघशी कुणी पाडलं नव्हतं मला," म्हणाल्या आणि चक्क हसल्या. "व्याख्यान तूच दे."

परिषदेत मी टेबलावरच्या बाटलीत होतो. "आम्ही पाठवलेला सारांश चूक आहे," अनुया पुटपुटली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून मॅडमचाच आवाज आला, "जोरात बोल, मागे ऐकू जात नाही!"

मग अनुया अशी बोलली, की चहाची वेळ टळली तरी कुणी उठलं नाही.

आता दोन वर्षं मी फळीवरच्या बाटलीत आहे, अजून तरंगतोय. एकच विनंती: ही बाटली मोरीत ओतू नका. मला काय, नाल्यातून नदीपर्यंत भटकायला आवडेलच. पण वाटेत मी कुणाच्या पोटात जाईन आणि तिथे काय करेन, ते मलाही ठाऊक नाही.