एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

आम्ही सहा भावंडं आणि आई शाळेत गणिताची बाई. त्यामुळे आमची खरी नावं घरात कुणी घेतलीच नाहीत. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एक्का, चौकी, दुर्री, अठ्ठी, पंजी, सत्ती. अठ्ठी मी.

हे आकडे ओळीने लिहा: १४२८५७. दोनने गुणलं की २८५७१४. तीनने गुणलं की ४२८५७१. सहापर्यंत कितीनेही गुणा, आकडे तेच, फक्त जागा बदलतात. आईने त्यावर कामांचा तक्ताच काढला होता. सोमवारी गुणिले एक, मंगळवारी गुणिले दोन, असं शनिवारपर्यंत. ज्याचा आकडा पहिला त्याने पाणी भरायचं, ज्याचा शेवटचा त्याने भांडी घासायची. आठवड्यात प्रत्येक काम प्रत्येकाला एकदाच. भांडायला म्हणून जागा ठेवली नव्हती बाईने!

रविवारी गुणिले सात: ९९९९९९. त्या दिवशी थोरलं-धाकटं कुणी नाही, सगळ्याच नव्व्या. "नव्व्यांनो, या रे!" अशी हाक आली की सगळे धडपडत स्वयंपाकघरात.

गेल्या महिन्यात आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. आता तिला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. आम्ही सहाही जण तिच्या खाटेभोवती जमलो. एक्का आणि सत्ती, माझे थोरले आणि धाकटे भाऊ, तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ते दोन भिंतींकडे बघत बसले. तोडगा मीच काढला, माझं तोंड नेहमी आधी चालतं.

"बारा महिने, सहा घरं. आईने प्रत्येकाकडे दोन-दोन महिने राहायचं. भाग बरोबर जातो."

"मी काय कलिंगड आहे, फोडी करायला?" आई म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कागद घे, अठ्ठे. जुना तक्ता लिही. फिरायचं ते आकड्यांनी. मी माझ्या घरातून हलायची नाही."

मी लिहिला. सकाळचं औषध, आंघोळ, दुपारचं जेवण, चालायचा व्यायाम, संध्याकाळचं जेवण, रात्रीची सोबत. सहा कामं, सहा माणसं.

"आणि रविवारी सगळे," आई म्हणाली.

"मला रविवारी जमणार नाही," एक्का म्हणाला. का ते सगळ्यांना ठाऊक होतं.

शनिवारपर्यंत तक्ता बिनबोभाट चालला. रविवारी आम्ही पाच जण मटार सोलायला बसलो. आईची खाट स्वयंपाकघराच्या दारासमोर ओढून घेतली होती. तिचं लक्ष मात्र बाहेरच्या दाराकडे.

अकरा वाजता दारात चपला वाजल्या. एक्का. फळांची पिशवी ठेवून लगेच निघतो म्हणाला.

"नव्व्यांनो, या रे!" आईने हाक मारली. आवाज चिरकला तिचा.

बासष्ट वर्षांचा बाप्या, गुमान आत आला. जागा उरली होती ती सत्तीशेजारीच. गुडघे धरत, कण्हत खाली बसला.

"शेंगा सरकव की इकडे," एक्का म्हणाला.

सत्तीने अख्खं ताटच त्याच्यापुढे ढकललं. मी मान खाली घालून सोलत राहिले, डोळ्यांना काही दिसेना. आई खाटेवरून बोट हलवत आम्हाला मोजत होती. सहापर्यंत आली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.