सदतीस अंदाज

रविवारी सकाळी बाबांनी पिशवीत तारेचा ब्रश, पॉलिश पेपरचे चार तुकडे, रंग खरवडायची पट्टी आणि रंगाचा छोटा डबा भरला. सगळ्यात शेवटी जेवणाचा डबा वर ठेवला आणि आत्याची बोलणी खाल्ली.

"ब्रशच्या उरावर डबा? आता घासागणिक गंज खा."

"लोह मिळेल, ताई. डॉक्टर म्हणतातच, रक्त कमी आहे."

मोजू बूट घालून दाराशी उभी होती. "मीपण येते आज," ती म्हणाली.

बाबांना बरं वाटलं, ते लपलं नाही. आत्याने मात्र तिच्याकडे असं काही पाहिलं की बूट काढून मुकाट्याने आत जावंसं वाटावं. आत्याला सगळं माहीत होतं.

तिला घरात मोजू म्हणत, कारण लहानपणी ती मोजपट्टी घेऊन घरभर फिरायची आणि मांजराची शेपटीसुद्धा मोजून वहीत लिहायची. पुढे विज्ञान शिकली, नोकरी लागली तीही मोजण्याचीच. नद्यांची पातळी दर तासाला नोंदवणारी यंत्रं असतात, त्यांचे आकडे तपासायचे. एखादं यंत्र मधेच बंद पडलं की आकड्यांच्या रांगेत भोक पडतं. मागचा आणि पुढचा आकडा बघून ते अंदाजाने बुजवायला परवानगी होती, फक्त अंदाजाच्या आकड्यावर तारा काढायचा. "अंदाज करणं पाप नाही, तारा न काढणं पाप," असं तिथल्या मोठ्या बाई नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. मोजूने हे वाक्य पुढे चार नव्या माणसांना स्वतः ऐकवलं होतं.

आई गेली त्याला चार महिने झाले. बाबा लिफ्टचे मेकॅनिक, सगळा जन्म लोकांना वरखाली पोचवण्यात गेला. आई गेल्यावर ते दोन महिने खोलीबाहेर पडले नाहीत. काहीतरी करायला हवं, म्हणून मोजूने आईच्या जुन्या कॅमेऱ्यातले सगळे फोटो बाबांच्या फोनमध्ये घातले. चारशे बारा फोटो. त्या कॅमेऱ्यात तारीख उमटायची, जागा उमटायची नाही. ती फोनमध्ये हाताने घालता येते. फोटो वर सरकवायचा, तारखेखाली 'स्थान जोडा' असं येतं, तिथे रस्त्याचं नाव लिहिलं की नकाशावर टाचणी बसते. तिने रोज संध्याकाळी बसून टाचण्या लावल्या. सगळ्या लावून झाल्या की नकाशा उघडायचा, आई जिथे जिथे उभी राहिली तिथे तिथे तिचा छोटा चौकोन दिसणार.

सदतीस फोटोंची जागा तिला माहीत नव्हती. जागा नसलेला फोटो नकाशावर येत नाही. सदतीस वेळा आई कुठेच नव्हती असं दिसणं तिला सहन होईना. मग तिने मागचा फोटो पाहिला, पुढचा फोटो पाहिला आणि भोकं बुजवली.

तारा काढला नाही. फोनमध्ये ताऱ्याला जागाच नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं. प्रत्येक फोटोखाली टीप लिहायला एक ओळ असते, आणि ती ओळ तिने सदतीस वेळा पाहिली होती.

त्यातल्याच एका फोटोत आई हिरव्या लोखंडी कठड्याला टेकून उभी होती. मागे पाणी. वाऱ्याने केस तोंडावर आलेले, आणि फोटो काढू नकोस म्हणून हात पुढे करून ती पोट धरून हसत होती. सतरा वर्षांपूर्वीची तारीख. आधीचा फोटो नऊ दिवस आधीचा, नंतरचा सहा दिवसांनंतरचा, दोन्ही गावातलेच. गावाजवळ पाणी आणि कठडा असलेली जागा एकच, घरापासून बसने वीस मिनिटांवरचं तळं. मोजूने तळ्याकाठच्या रस्त्यावर टाचणी लावली. दहा सेकंदांचं काम होतं.

बाबांनी तो फोटो नकाशावर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी दाढी केली. त्या रविवारी ते तळ्यावर गेले. नुसते बसून आले. पुढच्या रविवारीही गेले. तिसऱ्या रविवारी ब्रश घेऊन गेले, कारण तिथला कठडा राखाडी होता आणि फोटोतला हिरवा. वरच्या रंगाखाली जुना हिरवा सापडणार, याची त्यांना खात्री होती.

मोजूने पंधरा दिवसांपूर्वी आत्याला स्वयंपाकघरात गाठून खरं काय ते सांगितलं होतं. आत्याने हातातलं भांडं खाली ठेवलं नाही.

"हे बघ, माझा भाऊ दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडला होता. आता डबा घेऊन बाहेर जातो, चार माणसांशी बोलतो, रात्री झोपतो. तुझ्या त्या खरेपणाचं काय लोणचं घालायचंय?"

"पण आत्या, ते खोटं आहे."

"खोटं कशावरून? गेलीही असेल तिथे."

"माहीत नाही."

"माहीत नाही ना? मग गप्प बस."

मोजू गप्प बसली होती. आत्याचं म्हणणं पटलं म्हणून नाही, सोयीचं होतं म्हणून. हे तिला तेव्हाही कळत होतं, आणि आज बसमध्ये बाबांच्या शेजारी बसल्यावर तर फारच कळत होतं. पिशवी मांडीवर घेऊन बाबा शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे बसले होते.

तळ्यावर ऊन छान पडलं होतं. चालायला आलेली माणसं ये-जा करत होती. बाबांनी कठड्याच्या दोन खांबांचा रंग जवळजवळ सगळा खरवडून काढला होता. तिसऱ्याला हात घातलेला दिसत होता. मोजू गुडघ्यावर बसून जवळून बघू लागली. वर राखाडी, त्याखाली पिवळट, त्याखाली तांबडा प्रायमर, मग लोखंड. ओरखड्याच्या कडेला तीन थर स्वच्छ मोजता येत होते. तिने तिन्ही खांबांवर मोजले. हिरवा कुठेच नव्हता.

"पिवळ्यानंतर थेट प्रायमर आहे, बाबा."

"दिसतंय मला. पण सतरा वर्षांत कोणीतरी मुळापासून खरवडून नव्याने रंगवला असेल. सरकारी काम, कधी धड तर कधी अर्धवट. एखाद्या खांबाला राहिला असेल जुना." त्यांनी पट्टी हातात घेतली. "अजून अकरा खांब आहेत."

आपल्या निष्कर्षाच्या प्रेमात पडलेला माणूस कसा बोलतो, ते मोजूने कामावर बरेचदा ऐकलं होतं. बाबांच्या बोटांची सालं निघाली होती.

एक बाई चालता चालता थांबल्या. "बरं झालं, कोणीतरी लक्ष घातलं. कोणत्या खात्याकडून आलात?"

"बायकोच्या," बाबा म्हणाले.

बाईंना कळलं नाही, पण त्या हसल्या आणि पुढे गेल्या. बाबाही हसले. मग खरवडता खरवडता, मान वर न करता, बोलू लागले.

"त्या वर्षी मी नव्या इस्पितळाच्या लिफ्टा बसवत होतो. रविवारसुद्धा धरून. ती म्हणायची, तळ्यावर जाऊन येऊ. मी म्हणायचो, एवढं काम उरकू दे. शेवटी कंटाळून गेली असणार कोणा मैत्रिणीबरोबर. वीस मिनिटं, मोजू. बसमध्ये घड्याळ लावून बघतो मी दर वेळी. जगाला वर नेलं नि खाली आणलं, बायकोला वीस मिनिटांवर आणलं नाही."

पट्टीचा कर्र कर्र आवाज येत राहिला. मोजूला वाटत आलं होतं की आपल्या अंदाजाने बाबांना एक जागा मिळाली. त्याच अंदाजाने त्यांच्या हाती स्वतःविरुद्धचा पुरावा दिला होता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. वीस मिनिटं हा आकडा तिचा होता.

"बाबा, थांबा जरा. ही जागा मी टाकली आहे."

"कुठली जागा?"

"ही. फोटोवरची. कॅमेऱ्याने नाही सांगितली, फोननेही नाही. त्या कॅमेऱ्यात जागा उमटायचीच नाही. मी हाताने घातली, अंदाजाने."

बाबांनी पट्टी खाली ठेवली. "अंदाजाने म्हणजे? आई कधी बोलली होती?"

"नाही. आधीचा फोटो गावातला होता, नंतरचा गावातला होता, आणि पाणी इथेच आहे. म्हणून इथे टाचणी लावली. पण मधे पंधरा दिवस होते. पंधरा दिवसांत माणूस कुठेही जाऊन येतो."

बाबांनी अगदी कामावरच्या आवाजात विचारलं, "लिफ्ट मजल्याला लागते ना, तिथे आम्ही पाच मिलिमीटरच्या वर फरक चालवून घ्यायचो नाही. पाय अडकून माणूस पडतो. तुझ्यात किती फरक धरायचा?"

"सांगता येत नाही. एखादा किलोमीटर असेल. शंभरही असतील."

"शंभर किलोमीटर."

"हो."

बाबांनी हात फडक्याला पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं. "म्हणजे ती इथे आली नव्हती."

"माहीत नाही, बाबा."

"मी नेलं नाही, आणि ती माझ्याशिवायही आली नाही." ते पाण्याकडे बघत म्हणाले. "मी समजत होतो, आपण नाही नेलं तरी निदान येऊन, हसून तरी गेली."

मोजूने घरून निघताना बरंच काही गृहीत धरलं होतं. बाबा चिडतील. रडतील. किंवा डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटेल, अशीही एक भाबडी आशा होती. हे मात्र तिच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. चूक कबूल केल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. तिला फक्त एवढंच दिसत होतं, की बाबांकडे होतं नव्हतं ते एक हसणंही तिने काढून घेतलं.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"हो," बाबा म्हणाले.

त्यांनी पिशवीतून रंगाचा डबा काढला, झाकणावरचं नाव वाचलं आणि तिच्यासमोर धरला. हिरवा होता. फोटो दुकानात नेऊन, जुळवून आणलेला. "हा बदलून आण. राखाडी आण, आणि प्रायमर. बसथांब्यासमोरच्याच दुकानातला आहे."

"आता कशाला, बाबा?"

"मग काय, उघडं लोखंड टाकून घरी जाऊ? ही पाण्याची हवा, महिन्याभरात पोखरेल."

ती गेली आणि घेऊन आली. दोघांनी मिळून तीन खांबांना प्रायमर लावला, तो सुकेपर्यंत डबा खाल्ला, मग राखाडी रंग दिला. बोलणं लागेल तेवढंच झालं. ब्रश दे, खालून घे, ओघळ आला बघ. दुपार कलली तेव्हा ते तीन खांब बाकीच्यांपेक्षा जरा गडद दिसत होते, एवढाच फरक.

परतीच्या बसमध्ये बाबांनी खिडकीची जागा घेतली. तीन थांबे गेल्यावर बस वाहतुकीत अडकून पडली, तेव्हा त्यांनी फोन काढला.

"असे किती आहेत?"

"सदतीस. हा धरून."

"दाखव."

तिने पहिला काढला. आई एका जिन्यात उभी, एक गाल फुगलेला. मोजूने तो शाळेच्या रस्त्यावर टाकला होता.

"शाळा?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "अगं, हा दातांच्या डॉक्टरांचा जिना. अक्कलदाढ काढून आली होती, गाल बघ की. मीच काढला हा फोटो. दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी."

"दाढ दुखत होती म्हणून?"

"फोटो काढला म्हणून."

मोजूने ती जागा काढली आणि डॉक्टरांचा रस्ता लिहिला. पुढचा फोटो. तोही बाबांना माहीत होता. आईच्या मामाच्या जुन्या घराची गच्ची, मोजू ज्याला वसतिगृह समजली होती. तिसरा माहीत नव्हता. चौथा माहीत होता. अशा तेवीस जागा बाबांनी सांगितल्या, काही तर घराच्या दारासकट. मोजू लिहीत गेली, आणि जागेगणिक तिची मान खाली जात राहिली.

"मला विचारलं का नाहीस?" बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी शेजारच्याच खोलीत होतो."

"तुम्हाला त्रास होईल असं वाटलं."

"तुला वाटलं."

"हो."

"तोही अंदाजच."

ते दोन महिने मोजू रोज संध्याकाळी त्या बंद दारावरून फोन हातात घेऊन गेली होती, एकदाही आत डोकावली नव्हती. आतलं रडणं ऐकावं लागेल, याची तिला भीती वाटत होती. त्रास बाबांना होईल, असं नाव तिने त्या भीतीला दिलं होतं.

उरलेल्या फोटोंच्या जागा बाबांना आठवेनात. त्या तिने एकेक करून काढून टाकल्या, आणि नकाशावरून आईचे चौकोन एकेक करून गेले. शेवटी हिरवा कठडा आला. बाबांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. चष्मा कपाळावर सरकवून, फोन डोळ्यांजवळ धरून, त्यांनी मागचं पाणी पाहिलं, कठड्याचा सांधा पाहिला, आईच्या पुढे केलेल्या हातावरचं घड्याळ पाहिलं.

"सांधा वेल्डिंगचा नाही, बोल्टचा आहे," ते म्हणाले. "तळ्यावरचा वेल्डिंगचा आहे. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. दिसलंही असेल."

"कुठला असेल मग?"

"नाही माहीत."

ते फोन तसाच धरून बसले. त्यांचा थांबा जवळ आला, पुढची माणसं उठून दाराकडे सरकू लागली. मग त्यांनी विचारलं, "कुठे दाबायचं?" मोजूने बोट दाखवलं. त्यांनी दाबलं. फोनने विचारलं, स्थान काढून टाकायचं का? बाबांनी ते मोठ्याने वाचलं आणि 'हो'वर बोट ठेवलं. मग फोटोखालच्या रिकाम्या ओळीवर, एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत त्यांनी लिहिलं: जागा माहीत नाही.