तासाची पेटी

विरारला फ्लॅटमध्ये राहणारा जितेंद्र म्हणजे सांडोर गावच्या हरेश्वरांचा जावई. जावई आधीच डोक्यावर बसवलेला, त्यात हा यंत्रांच्या पोटातले प्रोग्रॅम लिहिणारा इंजिनिअर. मग काय विचारता! त्याने सासऱ्यांच्या वाडीतल्या पंपाला स्वतः बनवलेली पेटी बसवून दिली. बटण दाबायचं आणि खुशाल घरी जायचं. तासाभराने मोटार आपोआप बंद. तिथली विहीर तासापेक्षा जास्त उपसली की खारं पाणी वर येतं, म्हणून ही सोय.

एप्रिलमध्ये एकदा मोटार दुपारपासून पार संध्याकाळपर्यंत चालली. खाऱ्या पाण्याने वांग्याची सगळी रोपं करपली. हरेश्वर म्हणाले, पेटीचं बटण दाबायचं मीच विसरलो, मोटार थेट चालू केली. वर हा शहाणा जावई म्हणतो कसा, पेटी चुकणं शक्यच नाही. मेहुण्याने, भूपेशने, वडिलांचं वय झालं म्हणत पंपघराची चावी काढून घेतली. चाळीस वर्षं वाडी राखलेला माणूस ओट्यावर बसून राहिला.

पंधरा दिवसांनी जितेंद्रची बायको, दिपिका, बोलता बोलता म्हणाली की त्या दुपारी सांडोरला मध्येच लाइट गेली होती. जितेंद्रने लगेच लॅपटॉप उघडला. लाइट परत आली की मोटार पुन्हा सुरू करायची, हे त्याने लिहिलं होतं. तास पुन्हा मोजायचा, हे लिहायचं राहिलं होतं.

रविवारी जाऊन त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. भूपेश हसला.

"भावोजी, बाबांना सांभाळून घेताय तुम्ही. मन मोठं आहे तुमचं."

जितेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो बापलेकाला पंपावर घेऊन गेला. पेटीला पाच मिनिटांची वेळ लावली, मोटार सुरू केली, मेन स्विच पाडून पुन्हा चढवला. पाच मिनिटं झाली. सात झाली. दहा झाली. मोटार आपली चालूच.

भूपेश वडिलांकडे वळला. "बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"बटन मी दाबलं होतं," हरेश्वर हळू आवाजात म्हणाले. "पन जावयाला खोटं कसं पाडायचं?"

त्यांनी हाताने मोटार बंद केली. भूपेशने चावी काढून त्यांच्या हातात दिली. जितेंद्रकडे न बघताच हरेश्वरांनी घराकडे हाक दिली, जावई जेवून जाणार आहेत, पान वाढा. नको म्हणायलाही जितेंद्रला तोंड उरलं नव्हतं.