डावीकडची सीट

लीना गाडी चालवायला शिकली ती पन्नाशी जवळ आल्यावर. मुलगी भार्गवी नोकरीसाठी पुण्याला गेली, घर शांत झालं, आणि एका सुट्टीत लीनाने नगरच्या सावेडीतल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. नवऱ्याला, सुमंतला, तिने ते नाव घालून आल्यावर सांगितलं.

तिथे शिकवणारा बिभीषण पाथर्डीकडचा होता. पहिल्याच दिवशी त्याने आपल्या पायाशी असलेलं जादा पेडल तिला दाखवलं. "मॅडम, माझ्याकडं बी एक ब्रेक हाय. तुमी फक्त पुढं बघा." त्या एका वाक्याच्या भरवशावर लीना शिकली. दिल्ली गेटच्या रिक्षांच्या गर्दीतून, भिंगारच्या बाजारातून तिने गाडी काढली. बंद पडली की पुन्हा चालू केली. लायसन्सच्या परीक्षेत ती पहिल्या फटक्यात पास झाली आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये तिने सगळ्यांना भेळ खाऊ घातली.

अडचण सुरू झाली ती त्यानंतरच्या रविवारी.

"चल, तुझा हायवेला हात बसवू," सुमंत म्हणाला. तो नुकताच कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाला होता. शांत माणूस. घरात त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. तो डावीकडे बसला, पट्टा लावला आणि दोघं मनमाड रस्त्याला लागली.

विळद घाटात पुढे उसाचा ट्रॅक्टर होता. मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेला. लीनाने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि गाडी बाहेर काढली. समोर एक टेम्पो दिसत होता, पण लांब. ती सहज पुढे गेली असती. तेवढ्यात शेजारून आवाज आला. दातांतून आत ओढलेला श्वास, तिखट लागल्यावर माणूस ओढतो तसा. "स्स्स." आणि सुमंतचा हात दारावरच्या दांडीवर आपटला.

लीनाचा पाय ब्रेकवर गेला तो पूर्ण. गाडी ट्रॉलीच्या शेजारी, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. समोरचा टेम्पो हॉर्न वाजवत कडेच्या मातीत उतरून गेला. मागची एस.टी. इतकी जवळ येऊन थांबली की आरशात तिच्या काचेशिवाय काही दिसेना.

कुणाला काही झालं नाही. घरी येईपर्यंत सुमंत एवढंच म्हणाला, "होतं असं." लीनाने घरी आल्यावर हात धुतले, बराच वेळ.

पुढच्या रविवारी पुन्हा निघाली तेव्हा साधं कुत्रं आडवं आलं. "स्स." ब्रेक. मग चौकात रिक्षा वळली. "स्स." ब्रेक. लीना अशी अचानक थांबते म्हणून सुमंत आणखी घाबरायचा, आणि तो घाबरतो म्हणून ती आणखी अचानक थांबायची. शेवटी एका सिग्नलला हिरवा दिवा असताना ती थांबली. का थांबली हे तिला सांगता येईना. मागच्या लोकांनी जे सुनावलं ते दोघांनी खाली मान घालून ऐकलं. त्यानंतर तिने किल्ली त्याच्याकडे दिली.

गंमत अशी की तो शेजारी नसला की ती उत्तम चालवायची. सुमंत गावाला गेला की ती गाडी घेऊन शाळेत जाई, एकदा तर पार शिंगणापूरपर्यंत दोन मैत्रिणींना घेऊन जाऊन आली. पण सुमंत डावीकडे बसला की तिच्या तळहातांना घाम फुटायचा. दोघांनी त्यावर बोलणं सोडून दिलं. गाडी सुमंत चालवायचा, लीना शेजारी बसून खिडकीबाहेर बघायची.

हे असंच चालू राहिलं असतं. पण या दिवाळीनंतर सुमंतच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली. सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि मी सांगेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं बजावलं. त्याच सुमाराला बेलापूरहून सुमंतच्या मोठ्या बहिणीचा, अक्काचा, फोन आला. गुडघ्याचं ऑपरेशन नगरला करायचं ठरलं होतं. तिला बसने येणं शक्य नव्हतं.

"भाड्याची गाडी पाठवतो," सुमंत म्हणाला.

"कशाला? लीना येईल की न्यायला. तिला येते ना गाडी?" अक्का म्हणाली. फोन स्पीकरवर होता. लीनाने पटकन "हो अक्का, येते मी," म्हणून टाकलं. सुमंतला सोबत जाणं भाग होतं. अक्काला उचलून बसवायला माणूस हवा होता.

त्या संध्याकाळी दोघांनी कॉलनीत एक फेरी मारून बघितली. आवाज करायचा नाही, असं सुमंतने मनाशी पक्कं केलं होतं. त्याने ओठ घट्ट मिटले. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली नसेल, तोच सायकलवरची मुलं आडवी आली. सुमंतने हूं की चूं केलं नाही. फक्त त्याची बोटं गुडघ्यावर आवळली. लीनाने ते डोळ्यांच्या कडेने पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला.

"मी काही केलं नाही," सुमंत म्हणाला.

"माहीत आहे. तुम्ही काही करत नाही तेसुद्धा मला ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सुमंतच्या हातून चष्म्याचं फडकं टेबलाखाली पडलं. एका हातात कप तसाच धरून तो वाकला, आणि उठता उठता त्याने चहाचा घोट घेतला. चहा कढत होता. "स्स," त्याने श्वास ओढला. टेबलाखाली लीनाचा उजवा पाय चपलेसकट फरशीवर दाबला गेला.

सुमंत वाकलेलाच राहिला. वर लीना पेपर वाचत होती. पान उलटल्याचा आवाज आला. त्याने मुद्दाम पुन्हा एकदा तसाच श्वास ओढला. पाय पुन्हा दाबला गेला, चवडा पुढे, टाच थोडी उचललेली. करून बघितलं आणि लगेच त्याला वाटलं, हे करायला नको होतं. तो उठून बसला. त्याने कप खाली ठेवला.

"लीना, तुझा पाय बघ."

"काय झालं पायाला?"

त्याने सांगितलं. तिला आधी खरं वाटेना. मग त्याने पुन्हा आवाज केला आणि ती आपल्या पायाकडे, तो दुसऱ्या कुणाचा असावा तशी, बघत राहिली.

"म्हणजे रोज सकाळी चहा पिताना मी ब्रेक मारते आहे?" ती म्हणाली. तिला हसू आलं, पण ते पूर्ण आलं नाही. "आणि मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. वय झालं, आता जमायचं नाही."

सुमंतने उचललेलं फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाला, "तुझ्याशेजारी बसलो तेवढाच. एरवी मी ड्रायव्हरशेजारी कधी बसतच नाही. तुझ्या लक्षात आलंय का? लग्नाला जाताना, ऑफिसच्या जीपमध्ये, कुठेही. मी मागे बसतो, नाहीतर स्वतः चालवतो."

"तुम्हाला चालवायला आवडतं असं मला वाटायचं."

"नववीत होतो. वडिलांच्या मित्राच्या जीपमधून येत होतो, मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. राहुरीच्या अलीकडे बैलगाडी आडवी आली. मला ती खूप आधीपासून दिसत होती. मला वाटलं ड्रायव्हरलाही दिसत असणार, म्हणून मी बोललो नाही. माणसं वाचली. बैल वाचला नाही. तो उठायचा प्रयत्न करत होता आणि माझ्याकडे बघत होता." त्याने कप सरकवला. "त्या सीटवर बसलं की मला आधी तो बैल दिसतो, मग रस्ता. ती भीती माझी होती. मी ती तुझ्या पायात नेऊन ठेवली."

इतक्या वर्षांच्या संसारात लीनाने ही गोष्ट ऐकली नव्हती. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. शाळेची वेळ झाली होती, ती उठली.

शाळेत तिसऱ्या तासाला ती सातवीच्या वर्गात गणित शिकवत होती. शिकवता शिकवता तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि वर्ग एकदम चिडीचूप झाला. संस्कृती नावाच्या मुलीने झटकन वहीवर हात ठेवला. लीना थांबली. ती रागावलेली नव्हती, तिला फक्त डोळे चोळायचे होते. पण रागवायच्या आधी आपण चष्मा काढतो हे तिला त्या क्षणी समजलं. मुलांना ते केव्हाचंच माहीत होतं.

ही संस्कृती वर्षाच्या सुरुवातीला फळ्याजवळ आली की थिजून उभी राहायची. वहीत गणित सुटायचं, फळ्यावर सुटायचं नाही. शेवटी लीनाने तिला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं होतं आणि गणित न देता रंगीत खडू दिले होते. "काय काढायचं ते काढ." आठवडाभर ती फळ्यावर फुलं काढत होती, मग एके दिवशी फुलांच्या शेजारी तिने आपण होऊन एक भागाकार केला. लीनाने त्याचं श्रेय मनातल्या मनात स्वतःला दिलं होतं. आज तिला कळलं, की पोर फळ्याला भीत नव्हती, बाईंच्या चष्म्याला भीत होती.

घरी आल्यावर तिने हे सगळं सुमंतला सांगितलं. आणि मग म्हणाली, "उद्यापासून चहा गाडीत घ्यायचा."

"कुठे जायचं?"

"कुठेच नाही. खाली पार्किंगमध्ये. गाडी बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मास आणि दोन कप घेऊन दोघं खाली आली. लीना उजवीकडे बसली, सुमंत डावीकडे. बसता बसताच त्याचा चेहरा उतरला. लीनाने चहा ओतला. त्याने घोट घेतला, "स्स" झालं, तिचा पाय ब्रेकवर गेला. गाडी बंद होती. काहीच घडलं नाही. समोरच्या भिंतीवर एक मांजर अंग चाटत बसलं होतं, ते तसंच बसलं.

"पुन्हा," लीना म्हणाली.

वरच्या मजल्यावरचे मच्छिंद्र कर्डिले फिरायला निघाले होते. त्यांनी काचेवर टकटक केलं. "गाडी चालू होईना का? ढकलू का?"

"नाही हो, चहा घेतोय."

ते विचारात पडून गेले, आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन बघायला आले.

बंद गाडीतल्या त्या चहांमध्ये त्यांनी बऱ्याच गप्पा मारल्या. भार्गवीच्या, शाळेच्या, कोर्टातल्या जुन्या लोकांच्या. सुमंत सीट थोडी मागे करून, पाय पसरून बसायला लागला. मग एक दिवस लीनाने इंजिन सुरू केलं, गाडी मात्र हलवली नाही. पुढे कॉलनीतली फेरी. मग पहाटेचा मोकळा सावेडी रस्ता. एकदा मध्येच बिघडलं. भाजीवाल्याची गाडी अंगावर आली, सुमंत ओरडलाच, आणि लीना घरापर्यंत रडत आली. दोन दिवस दोघंही खाली उतरली नाहीत. तिसऱ्या दिवशी थर्मास सुमंतने भरला.

अक्काला आणायच्या दिवशी दोघं सकाळी लवकर निघाली. घाटात ट्रॅक्टर होतेच, हंगाम होता. लीना एका ट्रॉलीच्या मागे बराच वेळ राहिली. मग रस्ता मोकळा बघून तिने गाडी बाहेर काढली, आणि बांधावरून एक मोटारसायकल सरळ रस्त्यावर आली. सुमंतच्या तोंडून तो आवाज निघालाच. लीनाचा पाय उचलला गेला, ब्रेकवर टेकला, गाडी जराशी दबली. पण तिचे डोळे मोटारसायकलवर होते. तो माणूस कडेला थांबला होता. तिने पाय काढून पुन्हा वेग दिला आणि ट्रॅक्टर मागे पडला.

"माफ कर," सुमंत म्हणाला.

"निघू दे आवाज. मला आता कळतं, तो तुमचा आहे. रस्त्याचा नाही."

कोल्हारवरून वळून दोघं बेलापूरला पोहोचली तेव्हा अक्का दारात खुर्ची टाकून, जरीची शाल पांघरून तयार बसली होती. पाय पसरता यावा म्हणून तिला पुढे बसवलं. अक्का नगरपर्यंत बोलायची एक क्षण थांबली नाही. गुडघ्याचं, शेजारणीचं, बोरांच्या लोणच्याचं, सगळं सांगून झालं. कुठलं वाहन कुठून येतंय याच्याशी तिला काही कर्तव्य नव्हतं. मागे बसलेला सुमंत लीनाच्या मानेकडे बघत होता. मान सैल होती.

ऑपरेशन चांगलं झालं. अक्का त्यांच्याकडे राहून चालायला लागली आणि संक्रांतीनंतर तिला परत पोचवून दोघं दुपारची निघाली. सुमंत डावीकडे बसला होता. राहुरीच्या आसपास त्याचं बोलणं थांबलं. लीनाला वाटलं, काहीतरी पुढे दिसलं असेल, म्हणून तिने रस्ता नीट पाहिला. रस्ता मोकळा होता. मग तिने त्याच्याकडे नजर टाकली. तो झोपला होता. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर मोकळे.

तिने रेडिओ बारीक केला. नवरा-बायको म्हणून आपण एकमेकांना आणखी काय काय शिकवलं असेल, असा विचार तिच्या मनात आला. याने घसा खाकरला की मी आधीच काय मनात धरते? मी कपाट जोरात लावलं की हा का उठून बाहेर जातो? विचारायला हवं एकदा, निवांत. आज नको.

एका पेट्रोल पंपावर तिने गाडी वळवली तेव्हा सुमंतला जाग आली. "उतरू का मी?" त्याने गोंधळून विचारलं.

"नको. पेट्रोल घेते आणि निघू. झोपा तुम्ही."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग डोक्यामागची उशी सारखी केली आणि डोळे मिटले.