चार वाजताची पाताळगंगा

दुपारचे चार वाजले आणि नाल्यावर जमलेल्या दीडदोनशे माणसांनी जयजयकार केला. रस्त्याखालच्या पावसाळी पाण्याच्या जुन्या नळातून वाफाळतं पाणी धो धो बाहेर पडलं, त्याला उग्र गोडसर वास होता.

"पाताळगंगा आली रे बाप्पा!" घनश्याम महाराज गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडले. "दवागोळी फेका, लोटाभर प्या! डॉक्टर लुटते, माय फुकट देते!" माय फुकट देत होती, पण नारळ महाराजांकडूनच घ्यावा लागे.

मी पस्तीस वर्षं वर्ध्यात विज्ञान शिकवलं. तरी तीन दिवस गच्चीवरून ही गंमत बघत हसत बसलो. चौथ्या दिवशी, शनिवारी, शेजारच्या यशोदाबाई नाल्यावरून आल्या आणि माझं हसू आटलं. त्यांच्या सपनाला क्षयरोग होता. औषधाचे चार महिने झाले होते, दोन उरले होते.

"गोळ्या गंगेले वाहल्या, गुरुजी. पोरीले हेच पाणी पाजून राह्यली."

"काऊन वो?"

"महाराज म्हणते, एका पोटात दोन औषधं नांदत नाईत."

मी तडक चौकात गेलो. उघड्या चेंबरपाशी बॉयलरची गाडी धडधडत होती. गाडीवरच्या कामगारानं, प्रफुलनं, सांगितलं, "जुना नळ फुटला हाये. रस्ता न खोदता आतूनच नवा बसवून राह्यलो. रोज एका टप्प्यात रसायनात भिजवलेली कापडी नळी आत सोडतो, गरम पाण्यानं ती कडक होते. मंग चारले पाणी सोडून देतो."

"नाल्यात? लोक पितात ते!"

त्याचा चेहरा उतरला. "टँकरात भराले पायजे, गुरुजी. ठेकेदार म्हणते, नाल्यात सोड."

नाल्यावर जाऊन मी घसा कोरडा केला. ऐकतो कोण? शेवटी महाराजांनाच विचारलं, "उद्या येईल ना माय?"

"चारच्या ठोक्याले! युगायुगाची गंगा हाये!"

उद्या रविवार होता. प्रफुलच्या गाडीला सुट्टी होती.

रविवारी साडेपाच वाजले तरी नळ कोरडा ठणठणीत. "कोनीतरी पापी आला," महाराज म्हणाले. मी प्रफुलला पुढे केलं. त्यानं कडक झालेल्या नळीचा तुकडा दाखवून सगळं सांगितलं. लोक रिकामे लोटे घेऊन पांगले. सपना मात्र सकाळपासून उलट्या करत दवाखान्यात पडली होती. डॉक्टर भडकले होते. गोळ्या अर्ध्यावर टाकल्या की रोग उलटतो, म्हणाले.

सोमवारी ठेकेदारानं प्रफुलला घरी बसवून दुसरा माणूस आणला. चारला पुन्हा वाफ आली. महाराज आले, लाज नसलेली गर्दीही आली. मला संताप आवरेना.

तेवढ्यात यशोदाबाई दवाखान्यातून थेट तिथे आल्या. गर्दीतल्या सुमित्राबाई नातवाच्या तोंडाला लोटा लावत होत्या. यशोदाबाईंनी त्यांचा हात धरला.

"काल रविवारी कुठं गेलती तुही गंगा? माही पोरगी सलाईनवर हाये. महाराजाले हे पयले विचार, मंग पाज!"

सुमित्राबाईंनी महाराजांकडे पाहिलं. महाराज नारळ फोडण्यात गुंतले होते. बाईंनी लोटा ओतून दिला.

बाकीचे लोक लोटे भरतच होते. त्यांना आणि तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. हात जोडायच्या आधी एक प्रश्न विचारा. आणि उत्तर ठाऊक असेल, तर माझ्यासारखे तीन दिवस गच्चीवर हसत बसू नका.