गुण्या माझं नाव, गोविंदाची ओळख नाही

मी गुण्या बोलतोय. गवंड्याचा गुण्या: लोखंडाच्या दोन पट्ट्या, काटकोनात जोडलेल्या. भिंतीचा कोपरा बरोबर आहे की नाही ते मी सांगतो. माणसाचंही सांगेन, पण विचारायला कोणी येत नाही. भितात लेकाचे.

संग्रामपूरच्या लोहाराने मला घडवलं, वाहेद मिस्त्रीने बाजारात उचललं. एकदा शाळेची खोली बांधताना मी खिळ्याला लटकलो होतो. शेजारच्या वर्गात बाई शिकवत होत्या: काटकोनाहून लहान तो लघुकोन, मोठा तो विशालकोन. पुढचे कोन येण्याआधी खोली झाली आणि माझी शाळा सुटली. तेवढ्यावर मी माणसं ओळखतो. सरपंचापुढे कमरेत लघुकोन, गरिबापुढे छाती काढून विशालकोन. काटकोनातला माणूस मला अजून भेटायचाय.

सोनाळ्यात उकंडराव आणि दयाराम या भावांनी अंगणात भिंत घालायला घेतली.

"दादा, भिंत मधोमध पाह्यजे."

"मले काऊन शिकवून राह्यला बे? तुह्या जन्माच्या आधीपासून मी या अंगनात आहो."

"म्हनूनच अंगन आखडलं."

मिस्त्री जेवायला गेला तसं उकंडरावाने मला दगडावर ठेवून पायाने दाबलं. पट्ट्या फाकल्या. मी विशालकोन झालो. नवी भिंत अंगणाच्या पुढच्या भिंतीला मिळते तिथे, त्याच्या बाजूच्या कोपऱ्यात मला लावलं की त्याचा कोपरा फाकणार आणि भिंत मागे मागे दयारामच्या अंगणात शिरत जाणार, असा त्याचा बेत. मी मजा बघत पडलो. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

पण उकंडरावाची म्हैस मालकासारखीच मारकी. मिस्त्री कोपऱ्यात बसताच तिने शिंगं उगारली.

"उकंडभाऊ, म्हैस आवरा."

"बांधेल हाये ते. काई करत नाही."

"हे मले नका सांगू, तिले सांगा."

मिस्त्री मला घेऊन दयारामच्या बाजूला गेला आणि तिकडच्या कोपऱ्यात मला लावलं. आता एकीकडे कोन वाढला की दुसरीकडे तेवढाच घटतो. दयारामला विशालकोन, उकंडरावाला लघुकोन. उकंडराव ओठ चावत पाहत राहिला. बोलला असता तर लबाडी उघडी पडली असती.

भिंत थेट त्याच्याच गोठ्याच्या दारात घुसली. म्हैस आत जाईना. बायको सत्यभामाबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"आपलंच अंगन कसं काय कमी झालं हो?"

"मिस्त्रीले विचार."

"इचारलं. मिस्त्री म्हन्ते, गुण्याले विचारा."

उकंडरावाने मला उचलून उकिरड्यावर फेकलं. आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात; नावाला जागला बिचारा. म्हैस आता त्याच्या खिडकीखाली बांधतात. ती रात्रभर हंबरते, मी ऐकतो.

भाऊ भांडले की गावातली म्हातारी माणसं म्हणतात, "गुण्यागोविंदानं राहा बाप्पा." गोविंद कुठे असतो ते मला ठाऊक नाही. गुण्या उकिरड्यावर आहे. मला सरळ करायला हातोडीचा एक ठोका पुरे. भिंत सरळ करायची तर मात्र उकंडरावाला दयारामच्या दारात जाऊन खरं बोलावं लागेल.

म्हणून तर मी इथे निवांत पडलोय.